उठलेल्यांतला धाकटा

हसनाबादहून येणाऱ्या मोटारचा ड्रायव्हर कधी कोर्टाच्या आवारात पाऊल टाकत नाही. त्या दिवशी तो आला. लिंबाखाली मी एका पक्षकाराशी बोलत होतो, तिथे येऊन उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "वकीलसाब, डॉक्टर न्हाई राह्यले. सकाळीच." पक्षकाराने विचारलं, कोणते डॉक्टर? ड्रायव्हर त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आपले." जालन्यात डॉक्टर आता बरेच झालेत, पण 'आपले' म्हटल्यावर दुसरं नाव सुचत नाही. दत्तात्रय गेला होता. फ्लूने गेला होता. तो फ्लू म्हणजे काय, हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात ज्याला नीट कळलं होतं, तोच त्याने गेला.

मध्यंतरी जालन्यात शोकसभा झाली. अध्यक्षांनी त्याला 'सेवायज्ञातली समिधा' म्हटलं. दत्तू ऐकायला असता तर त्याने विचारलं असतं, धूर कुणाच्या डोळ्यांत गेला? समिधा वगैरे तो नव्हता. हट्टी होता, चहा फार पीत होता, रोग्यांना रागावत होता. सभेत जे सांगितलं गेलं नाही ते कुठेतरी लिहून ठेवावं, एवढ्यासाठी हा मजकूर.

आमची दोस्ती हैदराबादच्या वसतिगृहातली. मी उर्दूतून कायदा शिकलो, त्याने उर्दूतून वैद्यकी. पोलीस अॅक्शननंतर संस्थान गेलं आणि माझा निम्मा कायदा एका रात्रीत रद्दी झाला. तेव्हा त्याने माझी समजूत घातली ती अशी: "वकील, तुझा धंदा बराबर न्हाई. फेफड्याला कोणतंही सरकार चालतं." जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्याने दवाखाना टाकला. रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन बसायचो आणि रोगी संपले की आम्ही जगाचे दोष काढायचो.

पण मूळचा तो हसनाबादचा, आणि त्याची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. चाळीसेक वर्षांपूर्वी मानमोडीची साथ आली. फ्लूला खेड्यापाड्यात दिलेलं ते नाव. माणूस मान टाकून देत असे म्हणून मानमोडी. दत्तूचे आईबाप एकाच आठवड्यात गेले. थोरली बहीण सोनाक्का नुकती सासरी गेली होती, तिचा नवरा गेला. ती स्वतः आजारी पडली, उठली, आणि माहेरी येऊन या भावाच्या उशाशी बसली. तोही उठला. गावात त्या दिवसांत पाणी द्यायलाही माणूस उरला नव्हता. जे उठले त्यांनीच घरोघरी पाणी दिलं आणि मयतंही उचलली. त्यांना पुन्हा ताप आला नाही. तेव्हापासून हसनाबादेत त्या माणसांना 'उठलेले' म्हणतात. देवी एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तसंच मानमोडीचं, असं गावाने ठरवून टाकलं. पुढे गावात कसलाही साथीचा ताप आला की उशाशी बसायचा मान उठलेल्यांचा. रोग्याच्या खोलीत दुसऱ्या कुणाला घेत नसत. सोनाक्का त्यांत पहिल्या. विधवा बाईला गावात कुठला मान मिळतो? त्यांना हा एक मिळाला होता.

दत्तूच्या डोक्यातून मानमोडी कधी गेली नाही. तिच्याविषयी मिळेल ते तो वाचायचा आणि मला ऐकवायचा. त्या साथीच्या वेळी मोठमोठ्या डॉक्टरांनी एका जंतूला गुन्हेगार धरलं होतं, रोगाचं नावसुद्धा त्याला देऊन टाकलं. पुढे तो निर्दोष निघाला. खरा आरोपी इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. इंग्लंडात मुंगसासारख्या एका प्राण्याला त्याची लागण करून दिली, तो प्राणी संशोधकाच्या तोंडावर शिंकला, संशोधक तापाने पडला, आणि पुरावा पुरा झाला. "एवढा सरळ साक्षीदार मला कधी मिळाला नाही," मी म्हणालो. "कारण त्याला कुणी पढवलं नव्हतं," दत्तू म्हणाला.

त्याने मला एकदा समजावलं होतं ते असं. आपल्या अंगातली फौज या विषाणूला त्याच्या अंगरख्यावरून ओळखते. एकदा ओळख झाली की त्या अंगरख्याचा कुणी आला की वेशीतच धरते. देवीचा विषाणू जन्मभर एका अंगरख्यात राहणारा. फ्लूचा मात्र दरसाल एखादी गुंडी बदलतो, म्हणून सर्दीतापाची साथ फिरून येत राहते. आणि कधीतरी, बऱ्याच वर्षांनी, तो नखशिखांत नवा पोशाख शिवून येतो. तेव्हा फौज ढिम्म बसून राहते, कारण ती जुन्या पोशाखाची वाट बघत असते. मग साथ एका गावाची राहत नाही, जगाची होते.

"संस्थान खालसा झाल्यावर आपल्या पुढाऱ्यांनी केलं तेच," मी म्हणालो.

"न्हाई. ते एका दिवसात बदलले. विषाणूला थोडी लाज असती, तो वेळ घेतो."

या उन्हाळ्यात चीनकडून निघालेला ताप बोटीने मद्रासला उतरल्याची बातमी आली. ती वाचून त्याने पेपराची घडी घातली आणि म्हणाला, "नवा पोशाख हाय, वकील." रेल्वेने ताप जालन्याला यायला फार दिवस लागले नाहीत. गिरणीत, शाळेत, कोर्टात माणसं खोकू लागली. गर्दी करू नये हे लोकांना कळावं म्हणून प्रतिष्ठितांनी एक जंगी सभा बोलावली. मांडव घातला, कर्णा लावला, लांबच्या वाटूरपासून माणसं आणवली. अध्यक्षांनी हार घालून घेता घेता सात-आठ जणांशी हस्तांदोलन केलं आणि 'परस्परांपासून दूर राहा' या विषयावर तासभर बोलले. दत्तूला शेवटी पाच मिनिटं मिळाली. त्याने एवढंच सांगितलं, की मानमोडी झालेल्या माणसांनी आपण सुरक्षित आहोत असं समजू नये. हा ताप तो नव्हे. टाळ्या अध्यक्षांना पडल्या. दत्तूचं बोलणं चालू असताना लोक उठून चालले होते.

पेरण्या होऊन गेल्या होत्या तेव्हा हसनाबादहून निरोप आला, ताप गावात शिरला आणि आक्का उशाशी बसून राह्यल्यात. आम्ही दोघं मोटारने गेलो. आक्का नुकत्याच एका घरून आल्या होत्या, ओसरीवर पाय धूत होत्या.

"आक्का, तू उद्यापासून जायचं न्हाई."

"का?"

"ही मानमोडी न्हाई. हिला तू नवी हायस. तुझं वय काय, तुझा दमा काय... बिलकुल जायचं न्हाई."

"दत्तू," आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुला कळाया लागायच्या आधीपासून मी तापाची मानसं बघून राह्यले. मला झालती. तुला झालती. ज्याला झाली त्याला पुन्हा न्हाई होत. तू शिकला म्हणून काय ताप शिकला का?"

"तापच शिकला, आक्का. आपण न्हाई शिकलो."

"वकील," आक्का माझ्याकडे वळल्या, "याचं शहरात बी कुनी ऐकत न्हाई म्हनं. मंग हितं कशाला आलाय?"

मी हसलो. दत्तू हसला नाही. तो अंगणात जाऊन उभा राहिला, बिडी पेटवली, अर्धी ओढून टाकली. मग सरळ पाराकडे निघाला. तिथे गावातली चार कर्ती माणसं बसली होती. मी मागोमाग गेलो. मला वाटलं, पुन्हा भाषण होणार आणि पुन्हा माणसं उठून जाणार.

तो म्हणाला, "मला मानमोडी झालती, ठावं हाय ना सगळ्यांना?"

"हो की," एक म्हातारा म्हणाला, "आक्कानंच तर वाचवलं तुम्हाला."

"मंग मी बी उठलेला. अन् उठलेल्यांत सगळ्यात धाकटा. धाकटा असताना म्हाताऱ्यांनी उशाशी बसायचं, ही कुठली रीत? आजपासून मी बसतो. बाकीच्यांनी घरी राहायचं."

रीतीचं नाव काढल्यावर चौघांनी माना डोलावल्या. सोनाक्कांना तर भावाचा अभिमान वाटला. शिकून-सवरून शेवटी गावाच्या वळणावर आला म्हणून. परत येताना मी त्याला रस्त्यात गाठलं. "परवा मांडवात काय सांगत होतास, अन् आज काय सांगून राह्यलास?"

"खोटं काय बोललो? झालीच होती मला."

"त्याने काय होतं?"

"काही होत न्हाई."

"मंग?"

"डॉक्टरला आत घेत न्हाईत, वकील. उठलेल्याला घेतात. अन् आक्काला घरी बसवायची दुसरी काही तरकीब असंल तर सांग."

मी संध्याकाळच्या मोटारने परतलो, तो राहिला. तोंडाला फडकं बांधून तो घरोघरी बसत होता, खिडक्या उघडायला लावत होता, ताप फेफड्यात उतरलेल्यांना पेनिसिलिन टोचत होता, असं मोटारच्या अड्ड्यावर ड्रायव्हर सांगायचा. बरीच माणसं उठली. मग एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, डॉक्टर तापाने पडले. त्यानंतर पुढच्या वेळी तो कोर्टाच्या आवारात आला.

पोळा झाल्यावर मी हसनाबादला गेलो. आक्का बऱ्या होत्या. त्यांना ताप आलाच नाही. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं, वकील. त्याला झालीच नव्हती मानमोडी. साधा ताप असंल लहानपनचा. मीच सगळ्यांना झाली झाली म्हनून सांगत बसले, अन् तो बिचारा त्याच्यावर इसंबला." गावानेही तसंच ठरवलं होतं. दत्तूच्या मरणाने गावाची समजूत मोडली नव्हती. समजुतीने दत्तूलाच खोटं पाडलं होतं.

एवढ्यात शेजारचा महादू आला. त्याची सून तापाने फणफणली होती. साथ ओसरली असं वाटत होतं, पण शेपूट राहिलं होतं. "आक्का, चला," तो म्हणाला. आक्का उठल्या, लुगड्याचा पदर खोचला.

दत्तूने जे लपवलं ते उघड करायचा मला काय अधिकार होता? पण गप्प बसावं तर त्याने जे केलं ते फुकट जाणार होतं.

"आक्का, थांबा. तुमचं ओळखणं चुकलं नव्हतं. त्याला मानमोडीच झाली होती."

"मंग गेला कसा?"

"हा ताप वेगळा. मानमोडी झालेल्यालाही होतो. त्याला ते माहीत होतं."

"कवापासून?"

"तुमच्याशी भांडला त्याच्या आधीपासून."

आक्कांनी खोचलेला पदर सोडला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. महादू एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता... "म्हंजी माझ्या जागी बसला," आक्का म्हणाल्या.

मग त्या महादूला म्हणाल्या, "मी न्हाई येत. माझ्या भावाला मानमोडी झालती, मी सोता बघितली, तरी तो गेला. झाली त्याला पुन्हा न्हाई होत, हे खोटं हाय. दुसऱ्या म्हाताऱ्यांना बी सांग, कुनी उशाशी बसू नका. सुनंची खाट दाराशी वाऱ्याला घे, पानी पाज, तोंडाला फडकं बांध. जास्त वाटलं तर गाडी जुंपून दवाखान्यात ने."

"आक्का, तुम्हीच असं म्हनून राह्यल्या तर..."

"माझ्याबिगर कोन म्हनल?"

महादू गेला. आक्का मला आत घेऊन गेल्या. दत्तू ज्या खोलीत गेला ती खोली त्यांनी दाखवली. खाट, खिडकी, आणि खोलीच्या बाहेर, उंबऱ्यापासून दोन हात लांब ठेवलेला एक पाट. आजारपणात त्याने आक्कांना आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून त्यांनी मागे सरायचं आणि त्या पाटावर बसायचं, असा त्याचा हुकूम होता.

"उठलेल्या बहिनीला बाहेर बसवतो," आक्का म्हणाल्या, "मला वाटलं, डाक्टरकीचा तोरा हाय. मरस्तोवर राग धरला मी त्याचा."

त्यांनी पाट उचलला नाही. त्याच्यावर बसल्या, खोलीकडे तोंड करून. मोटारची वेळ झाली तेव्हाही त्या तिथेच होत्या.