बंद करण्याआधी विचारणारे तांडेल सर

२०१४ साली डहाणूच्या आमच्या कंपनीत मी संगणक विभागात रुजू झाले, तेव्हा विभागप्रमुख श्री. रमाकांत तांडेल यांनी माझे स्वागत केले नाही. त्यांनी मला एक कोरी नोंदवही दिली आणि म्हणाले, "जे कळणार नाही ते यात लिहा. जे कळलं असं वाटेल तेही लिहा, ते आधी तपासू." त्या दिवशी मला हे गृहस्थ तुसडे वाटले. आज ते साठ वर्षांचे होत आहेत, म्हणून मत बदलल्याचे जाहीर करणे भाग आहे.

आमची कंपनी रबरी हातमोजे बनवते. डहाणू, तलासरी आणि उधवा अशा तीन ठिकाणी कामे चालत. हजेरी, माल, पाठवणी, पगार या सगळ्यांचे प्रोग्राम कधी आणि कोणाच्या मागून सुरू व्हायचे, हे एक मोठे सॉफ्टवेअर ठरवत असे. त्यात लावलेल्या प्रत्येक कामाला आम्ही 'जॉब' म्हणत असू. जितके जॉब जास्त, तितके त्या सॉफ्टवेअरचे वार्षिक देखभाल शुल्क जास्त. शिवाय काही अडले की मुंबईहून इंजिनिअर बोलवायचा आणि त्याचे वेगळे द्यायचे. वर्षानुवर्षे जॉब वाढतच गेले, कारण लावणारे पुष्कळ होते आणि काढणारा कोणी नव्हता. "चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे आमच्या विभागाचे ब्रीदवाक्य होते.

२०१५ मध्ये मुख्य कार्यालयाचे पत्र आले. देखभालीचा खर्च वर्षभरात निम्म्यावर आणा, नाहीतर विभाग डहाणूतून हलवून मुंबईला नेऊ. विभागात आम्ही चौघे होतो. माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा सहा महिने झाले होते. वाणगावला घरी आम्ही दोघेच. मुंबईला जाणे म्हणजे नोकरी सोडणे, हे मला पत्र वाचता वाचताच कळले. मी ते कोणाला बोलले नाही. सरांना मात्र ठाऊक होते. बाबा डहाणूच्या रुग्णालयात होते तेव्हा पंधरा दिवस माझे काम त्यांनी स्वतः केले होते आणि त्याचा उल्लेख पुढे एकदाही केला नव्हता.

आमचे सहकारी देसाईभाई म्हणाले, "आपणच आपले जॉब मोजायला बसलो तर हात दाखवून अवलक्षण होईल. स्वस्तातलं दुसरं सॉफ्टवेअर मागा." सरांना ते पटले नाही. त्यांच्या मते महाग होती ती आमची सवय. आपण कशासाठी काय चालवतो हे आपल्यालाच माहीत नाही, म्हणून प्रत्येक वेळी मुंबईचा माणूस लागतो, असे ते म्हणत. त्यांनी जॉबची यादी छापून घेतली आणि एकेका जॉबला नोंदवहीचे एक पान दिले. हा जॉब काय करतो, कोणासाठी करतो, बिघडला तर काय करायचे, आणि शेवटी एक प्रश्न: बंद केला तर कोणाचे अडेल?

हा प्रश्न फोनवर विचारायला त्यांची मनाई होती. "उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत," असे म्हणून ते एसटीने तलासरीला जात, उधव्याला जात. ज्याच्या नावाने कागद निघे त्याच्यासमोर उभे राहून विचारत. गुजरातीत बोलणाऱ्याशी गुजरातीत, हिंदीत बोलणाऱ्याशी हिंदीत. उत्तरे ऐकून आम्हाला हसू येई. एक अहवाल निवृत्त होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावाने रोज निघत होता. दुसरा निघताच शिपाई त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर चहाचा हिशेब लिहीत. सर मात्र हसत नसत. पानावर शेरा लिहीत, समोरच्याची सही घेत आणि मगच जॉब बंद करत. कौतुक करण्याच्या बाबतीत ते फार काटकसरी. आमचे काम चांगले झाले की "बरं" म्हणत, फार चांगले झाले की "बरं बरं".

या कामात त्यांच्या हातून एक चूक झाली. गौरवलेखात चुका लिहीत नाहीत, पण ही लिहिल्यावाचून त्यांची ओळख पुरी होणार नाही. उधव्याच्या पॅकिंग विभागात रोज दुपारी साडेतीनला एक अहवाल छापला जाई. ज्या मशीनचा तो अहवाल, ते मशीन कधीच हलवले होते, त्यामुळे कागद कोराच निघे. सरांनी तिथल्या कारकुनाला विचारले. तो म्हणाला, "कोणी वाचत नाही, साहेब." सही झाली, जॉब बंद झाला.

दोन दिवसांनी त्याच कारकुनाचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला आणि बोलता बोलता त्याने हसत सांगितले, की परवा पॅकिंगच्या बायका कामावरून सुटायचे विसरल्या. सरांनी फोन ठेवला आणि पुढची एसटी पकडली. मला बरोबर नेले.

पॅकिंगच्या हॉलमध्ये घड्याळ नव्हते. मोबाइल आत नेता येत नसे. भोंगा बिघडलेला होता. जुना प्रिंटर खरखरू लागला की बायका हात धुऊन कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसत आणि त्या बसल्या की ड्रायव्हर बस काढी. परवा प्रिंटर वाजला नाही. बस तलासरीला पोहोचेपर्यंत पाड्यांकडे जाणारी शेवटची जीप निघून गेली होती. बायका अंधार पडल्यावर चालत घरी पोहोचल्या.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या सोनीबाई धोडी म्हणाल्या, "कागूद वाचाया आमाला कोण देतं, साहेब? तो वाजला का आमी उठायचं. माझी नात तान्ही, सांजचं घरात दुसरं कोणी नाय. शेजारणीनं घेतली म्हणून बरं."

सरांनी सबब सांगितली नाही. सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. मी कारकुनाला विचारलं, तुम्हाला विचारलं नाही." परत येऊन त्यांनी त्या पानावरचा जुना शेरा खोडला आणि लिहिले: 'वाचत कोणी नाही. ऐकतात. चालू ठेवणे.' भोंगा दुरुस्त व्हायला चार महिने लागले. तेवढे दिवस आमच्या यादीत एक कोरा कागद छापणारा जॉब अभिमानाने चालू होता. भोंगा लागल्यावर सर दोन दिवस हॉलमध्ये बसून तो ऐकून आले, मगच जॉब गेला. त्यानंतर ते सही घेत ती कागद ज्याच्या नावावर त्याची नव्हे, ज्याचे काम त्यावर चाले त्याची.

वर्ष संपताना अर्धेअधिक जॉब बंद झाले होते, शुल्क खालच्या टप्प्यावर आले होते. नोंदवही उघडून आम्हीच बिघाड दुरुस्त करू लागलो, त्यामुळे मुंबईच्या इंजिनिअरचे येणे जवळजवळ थांबले. विभाग डहाणूत राहिला. सर म्हणाले, "बरं बरं."

२०१७ मध्ये सरांनी अचानक दोन वर्षे आधी निवृत्ती घेतली. वाढवणला आईला एकटीला जमत नाही, एवढेच कारण सांगितले. आम्ही निरोपसमारंभ केला, पण मनातून मी रागावले होते. आम्हाला असे मध्येच सोडून जावे, हे मला त्यांच्या स्वभावाला धरून वाटले नाही.

गेल्या वर्षी जुन्या फायली लावताना मला मुख्य कार्यालयाचे २०१७ सालचे एक पत्र सापडले. विभागातील एक पद कमी करावे, शेवटी आलेल्या कर्मचाऱ्याचे, असे त्यात होते. ते पद माझे. खाली सरांचे उत्तर जोडलेले होते: 'देखभालीच्या खर्चात आता सर्वांत मोठी बाब विभागप्रमुखांचा पगार ही आहे. त्यांच्यावाचून काम अडत नाही, हे नोंदवहीवरून तपासून घ्यावे. तेच पद कमी करावे.'

त्या रविवारी मी वाढवणला गेले. सर घरी नव्हते. त्यांच्या आई अंगणात सुके बोंबील निवडत होत्या. आता तुमची तब्येत कशी आहे, असे मी विचारल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला काय धाड भरलीय? तो मला सांभाळायला आला असं सांगतो काय? आल्यापासून मीच त्याला रांधून घालते." सर आल्यावर मी त्या पत्राबद्दल विचारले. ते म्हणाले, "ते काम होण्यासारखं होतं, केलं," आणि चहा ठेवायला आत गेले.

माझे बाबा गेल्या पावसाळ्यात वारले. वाणगावच्या आमच्याच घरात, माझा हात हातात असताना. त्या शेवटच्या वर्षात संध्याकाळी त्यांना भरवायला मी रोज घरी होते. मुंबईत किंवा दुसरीकडे नोकरी शोधत फिरत असते तर नसते. हे सरांना मी तोंडावर सांगू शकले नाही, म्हणून या गौरव अंकात छापून सांगते आहे. तांडेल सरांना उदंड आयुष्य मिळो, त्यांची दृष्टी आणि पाय शाबूत राहोत आणि त्यांना रांधून घालणारी त्यांची आई त्यांना आणखी पुष्कळ वर्षे लाभो.