न्याईची काळी शाई

न्याईच्या घरात दोन वास कायमचे वस्तीला होते. एक देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा आणि दुसरा जिन्याखालच्या मडक्याचा. उदबत्तीच्या वासाने पाहुणे प्रसन्न व्हायचे, मडक्याच्या वासाने लवकर उठायचे. "बरंच आहे की," न्याई म्हणायची, "दुसऱ्यांदा चहा टाकावा लागत नाही."

मडक्यात काळी शाई होती. बांबूची वाळली पानं जाळायची, त्यांचा कोळसा पाण्यात भिजत घालायचा आणि मग महिनोन्महिने मडक्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. डोंग हो गावात नववर्षाची चित्रं छापणाऱ्या घरी असं मडकं असायचंच. बाकीचे रंगही असेच अंगणापरसातले. शिंपल्यांची पूड कुटून पांढरा, झाडाच्या कळ्या भाजून पिवळा, डोंगरातली तांबडी माती उगाळून लाल. या सगळ्यांना कागदावर धरून ठेवायला चिकट तांदळाची खळ. आपलं चित्र पोटात गेलं तरी बाधणार नाही, असं न्याई अभिमानाने सांगायची. घरातल्या उंदरांनी ते फार आधी ताडलं होतं.

ती या घरात आली तेव्हा यातलं काहीच तिला येत नव्हतं. माहेर शेवया करणाऱ्यांचं. पहिल्याच वर्षी तिने लाकडी ठशावरून ओला कागद असा काही ओढला, की कोंबडा एकीकडे आणि तुरा दुसरीकडे. "शेवया नाहीत त्या," सासू म्हणाली होती, "ओढू नकोस, सोलून घे." सासूने तिला वाळल्या घोसाळ्याच्या जाळीने कागदाची पाठ घासायला शिकवलं, सुरूच्या सुयांच्या कुंचल्याने खळ पसरायला शिकवलं आणि शाईचं मडकं तिच्या हवाली केलं. सासू गेली, मडकं राहिलं. रोज सकाळी पूर्वजांपुढे उदबत्ती लावली की न्याई दुसरी उदबत्ती मडक्याजवळ खोचायची. भक्तीने की वासासाठी, ते तिलाच ठाऊक.

त्या वर्षी वर्षअखेरची झिमझिम लवकर लागली. घरभर दोऱ्यांवर चित्रं वाळत होती. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा असे सगळे हात झाले होते. काळा नेहमी शेवटी. तोवर चित्र म्हणजे नुसते डाग, डुकरीण आहे की भोपळा तेही कळायचं नाही. काळा ठसा बसला की डोळे उघडायचे, शेपट्या वळायच्या, पिल्लं दूध प्यायला लागायची. नदीपलीकडच्या सासवा न्याईची डुकरीण न्यायला मुद्दाम यायच्या, नव्या सुनेच्या खोलीत लावायला. बाजार तोंडावर आला होता.

त्यात चुलीच्या देवांना निरोप द्यायचा दिवस उजाडला. त्या दिवशी देव तांबड्या माशांवर बसून स्वर्गात जातात आणि घरात वर्षभर कोण कसं वागलं ते वर सांगतात. दुपारच्या आत मासे तळ्यात सोडावेच लागतात. न्याईचा नवरा दोआन सकाळीच तीन जिवंत मासे घेऊन आला. बादली फुटकी, टोपात वड्यांसाठी तांदूळ भिजत घातलेले. जिन्याखाली अंधारात त्याला एक पाण्याने भरलेलं मडकं दिसलं.

फुलं, भात, कोंबडी, सगळं मांडून झालं. "मासे आणा," न्याई म्हणाली.

"जिन्याखाली ठेवलेत."

"जिन्याखाली कशात?"

"मडक्यात."

न्याई जिन्याकडे धावली. "अहो, नाक बाजारात ठेवून आलात का?"

"तुझ्या घरात नाकाचा उपयोग काय!" दोआन म्हणाला.

वरचं पाणी स्वच्छ होतं म्हणून मासे तगले, पण त्यांनी शेपट्या मारून तळचा गाळ ढवळला होता. मडक्याचं तोंड अरुंद, आत काळंकुट्ट. न्याईने दंडापर्यंत हात घातला. मासा हाताला लागायचा आणि निसटायचा. दुपार डोक्यावर आली. एकीकडे वर्षाची शाई, एकीकडे देवांची वाहनं. तिने एकदा दोऱ्यांवरच्या आंधळ्या डुकरिणींकडे पाहिलं, एकदा चुलीकडे पाहिलं, "बघा हं, हेही वर सांगा," असं म्हणाली आणि मडकं अंगणात आडवं केलं.

काळा लोंढा विटांवरून पावसाबरोबर तळ्यात गेला. मागोमाग न्याईने ओंजळीतून तिन्ही मासे सोडले. शेजारच्या दारात तिची थोरली जाऊ, लुआ, उभी होती. थोरले दीर गेल्यावर तीच त्यांचा धंदा चालवत होती. पितरांसाठी जाळायचे कागदी घोडे, कागदी कपडे छापायची, तेही बाटलीतल्या विकतच्या शाईने.

"यंदा देव कोळशाच्या वखारीतून चाललेत वाटतं!" लुआ म्हणाली. "आणि माझी बदकं बघ, कावळे झालेत."

"धुतली की निघेल, जाऊबाई. पानांचंच आहे."

मासे मात्र एक वळसा घेऊन सळसळत दूर गेले. लुआ ते बराच वेळ बघत राहिली.

न्याईने संध्याकाळी नवी पानं जाळली. ताजी शाई करडी आली, खरखरीत, बोटाला लागायची. दुसऱ्या दिवशी लुआनेच बाटली आणून दिली. "घे गं. काळं ते काळं. सासवा काय हुंगून घेणार आहेत?"

दोआनही म्हणाला, "एवढं वर्ष निभावून ने."

न्याईने नाइलाजाने एक चित्र छापलं. आलंही बरं. शिंपल्याची पूड लावलेल्या चमकत्या कागदावर जरा डांबरासारखं बसलं होतं, पण डुकरिणीला डोळे होते. मग तिने कुंचला धुवायला घेतला. शाई पाण्याने निघेना, लुआने दिलेल्या रॉकेलने निघाली. परातीत काळं-निळं पाणी, वर तवंग.

परात घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली. रोजच्या सवयीने मोहरीच्या वाफ्याशी आली आणि थांबली. ती भाजी उद्या नैवेद्याला जाणार होती. सुपारीच्या झाडाशी गेली, ते सासूने लावलेलं. तळ्याकाठी गेली. तिथे काल देवांचे मासे सोडलेले. त्यांनी वर जाऊन काय सांगावं? परात घेऊन ती घराभोवती फिरली. परात जड झाली, पण ओतायला जागा मिळेना. शेवटी ती जावेच्या अंगणात गेली.

"जाऊबाई, तुम्ही हे कुठे ओतता?"

"तळ्यात. दुसरं कुठे?" लुआ म्हणाली, पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मग म्हणाली, "मागे बदकाची पिल्लं मेली ना, मी मुंगसाला शिव्या घातल्या होत्या. काल तुझे मासे त्या मडक्यात सकाळभर राहून ताजेतवाने गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय."

न्याईची नजर दुसरीकडेच लागली होती. लुआचा कुत्रा वेन दोरीला हिसके देत भुंकत होता, आणि ती दोरी एका मडक्याच्या गळ्याला बांधलेली होती. मडक्याचं तोंड मातीने लिंपलेलं.

"जाऊबाई, वेनला कशाला बांधलंय?"

"ते होय? शाईचं मडकं ते, सासूबाईंनी लग्नानंतर दिलेलं. तुलाही दिलं होतं की. ह्यांनी चित्रं सोडली, मग मी उघडलंच नाही. जड आहे, कुत्रा हलवू शकत नाही."

दोघींनी मिळून लिंपण फोडलं. वरचा थर वाळून भेगाळला होता. न्याईने काठी खुपसली, ती खालपर्यंत लोण्यासारखी गेली. काठीचं टोक वर आलं ते काळंभोर, मऊसूत. न्याईने नाक जवळ नेलं. वास नाही. कसलाच नाही. सासू म्हणायची, वास आहे तोवर शाई कच्ची समज. इतकी वर्षं न्याईला वाटायचं, म्हातारी उगाच बोलते.

"म्हणजे तू आम्हाला आजवर कच्च्या शाईचा वास देत होतीस!" लुआ म्हणाली.

"पाहुणे लवकर जायचे, त्यात तुम्हीही होतात," न्याई म्हणाली.

लुआ इतकी हसली की वेनही भुंकायचा थांबला.

पण मडकं उचलू द्यायच्या आधी तिने अट घातली. "कुंचला मी धरणार. बघते हाताला आठवतंय का."

हाताला आठवत होतं. लुआ खळ-शाई पसरायची, न्याई ठसा दाबायची, दोआन कागद दोरीवर टाकायचा आणि मध्येच दोघींची बोलणी खायचा. एकेक डुकरीण डोळे उघडून बघायला लागली. पहिलं चित्र न्याईने चुलीवरच्या भिंतीला लावलं, देव परत येतील तेव्हा आधी तेच दिसावं म्हणून.

परातीतलं पाणी आणि बाटलीतली उरलेली शाई एका डब्यात भरून लुआने झाकण घट्ट लावलं. आता वेन त्याला बांधलेला असतो. हा डबा मात्र उघडायचा नाही, असं दोघींचं ठरलं आहे.