टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यातला उजेड

कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी आजही पहिला प्रश्न हाच विचारतो — वायरिंग तपासलं होतं का? अंबडला माझा फोटो स्टुडिओ आहे. मशीन, वायर, आकडे... माझा भरवसा एवढ्यावरच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय.

एलसीडी टीव्ही नुकते गावाकडं यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. माझा मावसभाऊ सुधाकरदादा टेंभुर्णीला राहतो, शाळेत शिक्षक. त्यानं नवा टीव्ही आणला आणि तेव्हापासून मावशीचं — म्हणजे त्याच्या आईचं — एकच सुरू झालं. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा उजेड हलतो, रॉकेलची चिमणी लावल्यासारखा. टीव्ही बंद असला तरी! तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. मग घरच्यांनी ठरवून टाकलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तिला गॅसपाशी जाऊ देईनात, नातीला तिच्याजवळ एकटं ठेवीनात. सोमवारी जालन्याला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं होतं.

आदल्या दिवशी दादाचा फोन आला. "तुझ्याकडं ते कलर मोजायचं यंत्र हाय ना? घेऊन ये. टीव्हीचे रंग बी बराबर करून दे, अन् आईला दाखव की त्याच्यात काहीच न्हाई."

मीटर माझं स्वस्तातलं. माऊसएवढं, पडद्यावर लटकवायचं, लॅपटॉपला जोडायचं, की पडद्याचा उजेड आणि रंग आकड्यांत दिसतो. भर दुपारी पोचलो. खिडक्यांना चादरी लावल्या. मावशी समोर बाजेवर बसलेली.

पडद्याच्या मधोमध सगळं ठीक आलं. मग मीटर खालच्या डाव्या कोपऱ्यात सरकवलं. पडदा पूर्ण काळा, म्हणजे आकडा शून्याजवळ पाहिजे. तो तीनवर गेला... सातवर... बारा. परत शून्य. रंग पिवळा.

स्वस्तातली वस्तू, असं होतंच. काच पुसली, यूएसबीचा पोर्ट बदलला, सॉफ्टवेअर परत टाकलं. मीटर टेबलावर पालथं ठेवलं — शून्य. बाकीचे तीन कोपरे — शून्य. डाव्या कोपऱ्यात आलं की आकडा हलणारच. शेवटी टीव्हीची पिनच काढली. तरी तेच.

खरं सांगतो, मला दादाचाच संशय आला.

"मागून उघडला होतास का हा? आत काही बसवलंय?"

"येडा झाला का? वॉरंटीतला टीव्ही मी कशाला उघडू?"

तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. पंखा थांबला. लॅपटॉप तेवढा बॅटरीवर. आणि आकडा वर चढत होता.

"आला बघ," मावशी बाजेवरून म्हणाली.

बारा.

"गेला."

शून्य.

आता संशय मावशीवर! लॅपटॉप भिंतीकडं फिरवला, तिला दिसणार नाही असा. दादाला बाहेर उभा केला, म्हणजे खाणाखुणा नकोत. टीव्ही आणि मीटर दोन्हींवर जाड गोधडी टाकली. बाजेखाली वाकून बघितलं. मावशीचे हात मांडीवर, पाय स्थिर.

"मावशी, आता सांग."

"आला," ती म्हणाली. क्षणभरानं आकडा उठला. "गेला." पडला. अकरा वेळा मोजलं मी. एकदाही चुकली नाही. दर वेळी तिचा शब्द आधी, आकडा मागून.

दादाला आत बोलावलं. तो माझ्या खांद्यावरून बघत राहिला. पाच-सहा वेळा झाल्यावर जाऊन आईशेजारी बसला.

"आई... उद्याचं ऱ्हाऊ दे. न्हाई जायचं आपल्याला."

"मी काय खोटं बोलत व्हते का रे इतके दिवस?"

मावशीनं पदर नीट केला, उठली. "गेला आता तो. चला, च्या ठिवते." आणि सरळ गॅसपाशी गेली. कुणी अडवलं नाही. दादा मागोमाग गेला — कपबशा काढून द्यायला.

मी सामान आवरायला मागं थांबलो. त्या दोघांना मी आजवर सांगितलं नाही ते इथं लिहितो. मावशी उठताना शेवटचं 'गेला' म्हणाली, तेव्हा आकडा पडला नव्हता.

बारा. अठरा. गोधडीखालून मीटर ओढून काढलं, त्याचं तोंड तळहातावर घट्ट दाबलं. तीस. आतून मावशीची हाक आली, "ये ना रे, च्या निवून राह्यला." मी केबल खेचली.

अंबडला आणल्यावर ते मीटर पुढं दोन वर्षं बिनतक्रार चाललं. जाणकार म्हणतात — उष्णता असेल, सेन्सर कच्चा असेल. असेलही! यंत्राचं एक वेळ मान्य केलं, पण मावशीचं काय? पुढं तिनं उजेडाचं नाव काढलं नाही, ती चांगली धडधाकट राहिली. मला मात्र अजून कळत नाही — तिला दिसत होता तो आणि शेवटी माझ्या हातातल्या यंत्राला दिसला तो, उजेड एकच होता, की दोन?