रसूलची दुपारची झोप

कल्पना करा, दीड वर्षाचं पोर तुमच्यासमोर झोळीत आहे. त्याला न्हाऊ घालून, मऊ भात भरवून, खिडकीवर चादर टाकून तुम्ही त्याला आत ठेवलंय. झोळीची दोरी तुमच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. उजवा पाय शिलाई मशीनच्या मोटरच्या पेडलवर, कारण कुणाचं तरी हळदीचं ब्लाऊज संध्याकाळी द्यायचंय. अंगठा एका लयीत हलवायचा. जोरात हलवला तर पोर जागं, थांबवला तरी जागं. हळूहळू त्याच्या पापण्या जड होतात, मूठ सैल पडते, तुमच्या ओढणीचं टोक सुटतं. आता फक्त श्वास लांबण्याची वाट बघायची. आणि नेमका तेव्हाच बाहेरून ढोल भिंत फोडून आत शिरतो.

आष्ट्यात रस्त्याकडेला राहणाऱ्या सुमैराच्या घरी कारखान्याचं धुराडं पेटल्यापासून हे रोज चाललंय. उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे कपाटाएवढे स्पीकर. त्यात तिच्या दारासमोरच गतिरोधक. तिथे गाडी हळू होते, पण गाणं हळू होत नाही. एक गाडी जाते, तोवर दुसरी येते. रसूल दचकून उठतो आणि असा रडतो, की जणू कुणी त्याला मारलंय.

झोप न झालेलं पोर कसं असतं, हे ज्यांनी सांभाळलंय त्यांनाच कळेल. दिवेलागणीला तो घास तोंडात धरूनच पेंगतो, मग उठून भेलकांडत चालतो. परवा असाच उंबऱ्यावर पडला आणि कपाळ फुटलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "ह्याला औषध नको. दुपारची झोप होऊ द्या."

होऊ द्या म्हणे. जशी सुमैराच त्याला उठवत होती.

सल्ले मात्र भरपूर. सासू चांदबी म्हणाली, जायफळ उगाळून चाटव. नवरा अश्फाक गाद्या भरतो. त्याने कापसाची जाड गादी करून खिडकीत कोंबली. त्याने उजेड गेला, आवाज तेवढाच राहिला. शेजारच्या बनाबाईने तर निकालच लावला.

"लेकराला सवय लाव गं. आमची पोरं बँडात झोपायची."

"एका रात्रीच्या बँडात, मावशी," सुमैरा म्हणाली. "हितं चार महिने वरात हाय, आन नवरा न्हाई का नवरी न्हाई."

वॉर्डातले एक पुढारी दारावरून चालले होते, त्यांनाही तिने गाठलं. ते हसले. "सीझन हाय ताई. उसावर आपलं समद्यांचं चालतंय. थोडं सोसायचं."

मला ह्या 'थोडं सोसायचं'चाच राग येतो. सोसायचं कुणी, तर ज्याला अजून बोलता येत नाही त्याने. ट्रॅक्टरने बदलायचं नाही, स्पीकरने बदलायचं नाही, दीड वर्षाच्या पोराने बदलायचं. हे सांगताना कुणाला लाजही वाटत नाही.

मागच्या आठवड्यात रसूल तिसऱ्यांदा दचकून उठला, तेव्हा सुमैराने मशीन बंद केलं. त्याला कडेवर घेतलं आणि सरळ गतिरोधकावर जाऊन उभी राहिली. समोरचा ट्रॅक्टर थांबला.

"टेप बंद करा," ती ओरडली.

ड्रायव्हरने आवाज कमी केला. जतकडचा बिरदेव, पंचविशीचा असेल. "ताई, बाजूला व्हा. मागं लाईन लागलीया."

"लागू दे. पोराचं कपाळ बघा. झोप न्हाई म्हणून पडलंय ते. बंद करा, मग बाजूला हुते."

"कमी करतो. बंद न्हाई करत."

"का? गाण्याबिगर डिझेल जळत न्हाई का तुमचं?"

मागचा ड्रायव्हर हसला. बिरदेव हसला नाही.

"बंद केलं तर मी झोपंन," तो म्हणाला.

सुमैराला आधी थट्टाच वाटली. मग तिने त्याचे डोळे पाहिले. लाल, सुजलेले, कडेला चिपडं.

"रातभर फडात ऊस भरायचा, दिवसभर कारखान्याच्या यार्डात लाईनीत," तो सांगू लागला. "तितं डोळा लागला की मागचा पुढं घुसतोय. नंबर गेला की खेप गेली. कवा झोपायचं, सांगा तुमीच."

"मग आत्ता झोपा. लावा गाडी कडंला. चहा देते, आन उठवते बी मीच."

"मुकादमाचा फोन आला तर तुमी उचलनार व्हय?"

मागून हॉर्न सुरू झाले. बनाबाई दारातून ओरडली, "सुमे, हो की बाजूला." रसूल दोन्ही कान झाकून आईच्या मानेत तोंड खुपसून बसला होता.

बिरदेवने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हात मागे नेऊन टेप पूर्ण बंद केला. सुमैरा बाजूला झाली. ट्रॅक्टर निघाला. रस्त्यावर नुसती इंजिनाची घरघर आणि ट्रॉल्यांचा खडखडाट. तिला जिंकल्यासारखं वाटलं, पण ते पुढच्या वळणापर्यंतच टिकलं.

वळणाच्या अलीकडे ट्रॅक्टर हळूहळू डावीकडे सरकू लागला. मागच्या ट्रॉलीचं चाक डांबर सोडून मुरमावर उतरलं. तिथे भाजीवाल्या बसतात. खड्डा चुकवत होता की डोळा लागला होता, हे तिला आजही माहीत नाही. ती ओरडली, पण इतक्या लांबून ऐकू कसं जाणार. मग एकदम गाणं सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि ट्रॅक्टर सरळ झाला.

सुमैराने सुटकेचा श्वास सोडला. कडेवर रसूल दचकून रडू लागला होता.

तेव्हापासून ती ड्रायव्हरांशी भांडत नाही. राग गेला म्हणून नव्हे, राग वाढलाय. पुढारी दारावरून गेले की ती त्यांना थांबवते. कारखान्याचा कुणी माणूस ब्लाऊज न्यायला आलेल्या बायकोबरोबर दिसला, तर त्यालाही थांबवते. सगळ्यांना तिचा एकच प्रश्न असतो.

"त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला झोपू न देता गाडीवर बशिवतोय कोन, आन त्यो सवता दुपारी झोपतोय का?"