मामाजींचा सांडवा

पाऊस सुरू झाला की लोक शेतातून घरी यायचे आणि मामाजी घरून शेतात जायचे. डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत तुराट्यांचा भारा. वाहतं पाणी जिथे वळेल तिथे एक तुराटी रोवायची, थांबेल तिथे दोन. पाऊस उघडला की हिंगणीजवळच्या त्या शिवारात पाण्याचा सगळा रस्ता तुराट्यांनी आखलेला दिसायचा.

मी मृदसंधारण खात्याचा नवा सर्व्हेअर. आणीबाणी नुकतीच उठली होती. माझ्याजवळ लेव्हलचं यंत्र होतं, पदविका होती, हाताखाली दोन मजूर होते. बांधासाठी मी चुन्याची रेघ मारली की शेतकरी हमखास विचारायचे, "मामाजीले दाखवली काय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस चौथीच्या पुढे शिकलेला नाही, आणि गाव त्याच्या तोंडाकडे बघतं! चहासुद्धा लोक आधी त्यांनाच द्यायचे. हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यांच्याच शेतात रेघ मारली तेव्हा ते दोन तुराट्या रोवलेल्या जागी येऊन उभे राहिले. "साहेब, रेघ बरोबर हाये तुमची. पण जमीन काळी हाये. इथं पाणी बसलं का मंग उठत नाई. सांडवा इथं ठेवजा."

जादा पाणी काढून देणारा सांडवा माझ्या नकाशात पन्नास पावलं पलीकडे होता. सांगणारे ते होते, म्हणूनच मी तो हलवला नाही. उतार पुन्हा न मोजताच बांध घालून घेतला.

पोळ्याच्या आधी पावसाची झड लागली. बांधामागे पाणी तुंबलं आणि मामाजींची कपाशीची पऱ्हाटी पिवळी पडायला लागली. गावातली माणसं फावडी घेऊन बांध फोडायला निघाली, तर मामाजींनीच त्यांना अडवलं आणि मला बोलावणं पाठवलं. मी पोचलो तेव्हा ते पाण्याच्या कडेला बसले होते.

"तुमचा बांध गावानं फोडला असता, तं उद्या तुमचं कोणी ऐकलं नसतं," ते म्हणाले.

मी फावडं घेतलं, दुसरं त्यांनी घेतलं. त्या दोन तुराट्यांमधूनच पाणी निघालं. अर्धी पऱ्हाटी मात्र हातची गेली होती. आणि संध्याकाळी त्यांनी गावात काय सांगावं, तर साहेबांनी नवी जागा शोधून सांडवा काढला. मी गप्प बसलो. उपकार वाटण्याऐवजी माझं पोटच दुखलं. मोठेपणातही हा माणूस माझ्यापुढे!

पुढे माझी अल्लीपूरकडे बदली झाली. मामाजी गेल्याचं फार उशिरा कळलं, म्हणून एकदा त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांच्या सुनेनं मला शेतात नेलं. सांडव्याला दोन्ही बाजूंनी दगड नीट रचले होते.

"मामाजी सांगून गेले," ती म्हणाली, "हा साहेबाचा सांडवा हाये, याले मोडू नका."

तेव्हाही मी गप्पच राहिलो. आज लिहून ठेवतो, ती जागा मामाजींनी दाखवली होती. एवढं एक वाक्य लिहायलासुद्धा माझ्या जिवावर आलं आहे.