भोपळ्याच्या वाट्या

लोकसेवेचं व्रत आमच्या शिक्रापुरात एकाच माणसाने मनापासून पाळलं. त्याची सगळी जनता कुत्र्यांची होती, त्यामुळे सत्कार राहून गेला.

आप्पा आयुष्यभर मेंढरं घेऊन हिंडले. पुढे मेंढरं विकली. चांद्या हा राखणीचा म्हातारा कुत्रा तेवढा राहिला. मुलगा कारखान्यात लागला, त्याने फ्रीज घेतला. आप्पा त्यातलं पाणी पीत नसत. पण उन्हाळ्यात उकडलेला भोपळा ताकात कुस्करून त्याच्या वाट्या बर्फाच्या कप्प्यात लावत. दुपारी हायवेवरची वीसेक कुत्री दारात येऊन बसत. वाटी खाली ठेवण्याआधी आप्पा स्वतः चाटून बघत. "सूनबाईचा हात सवयीनं मिठाकडं जातो. मीठ माणसाला. ह्येंना न्हाई."

मी तेव्हा ग्रामपंचायतीत कारकून होतो. स्वच्छ गावाच्या स्पर्धेची समिती येणार होती. ठराव मीच लिहिला: मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणे.

"बंदोबस्त म्हंजी?" आप्पा थेट सभेत येऊन विचारते झाले.

"त्या दिवशी रस्त्याव एक जरी कुत्रं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी विषाचे लाडू," सरपंच म्हणाले.

"एकबी दिसनार न्हाई. माझ्यावर सोडा."

त्या दिवशी आप्पांनी मेंढरं कोंडायची जुनी जाळी परसात उभी केली आणि सगळी कुत्री आत घेतली. वाट्या दोन खेपांच्या लावल्या होत्या. "भाषनं लांबत्यात," ते म्हणाले.

पहिली खेप झाली. आप्पा परसात कुत्र्यांपाशीच होते. इकडे मांडवात समितीला ऊन लागलं. सरपंचांची दोन माणसं आप्पांच्या पुढच्या दाराने गेली आणि उरलेल्या वाट्या उचलून घेऊन आली. 'पाहुण्यांसाठी' म्हटल्यावर सूनबाई काय बोलणार? मी वाट्या ओळखल्या. गप्प बसलो. साहेब लोक चमचे चाटत होते.

दुसरी खेप आली नाही, तेव्हा कुत्र्यांनी जाळी पाडली आणि ती वासावर सरळ मांडवात आली. चांद्या पुढे होता. त्याने समितीच्या अध्यक्षांच्या हातातल्या वाटीत तोंड घातलं. वाटी त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाडू पडले.

दुपारी आप्पा कचेरीत आले. चांद्याचा पट्टा माझ्या टेबलावर आपटला.

"त्येंच्या वाटणीचं तुम्ही गिळलं, आन् इष त्येंना?"

सरपंच पेपर वाचू लागले.

"भाऊसाहेब, ठरावातलं ते 'बंदोबस्त' खोडा. मारली, असं लिवा."

मी पेन उचललं नाही. आज स्वतःचा संताप येतो. तेव्हा फक्त पट्टा टेबलावरून बाजूला सरकवला.

आप्पा दौंडला लेकीकडे गेले, ते तिथेच वारले.

भेटीनंतर महिन्याभराने समितीचा अभिप्राय आला होता. बक्षीस नव्हतं. कुत्र्यांचा उल्लेखही नव्हता. त्रुटी एकच नोंदवली होती: थंड पदार्थात मीठ कमी.