हर्मेलिंदाच्या पलंगाखालच्या मिरच्या

निकानोर चोकोबार दर सोमवारी सकाळी आमच्या रेडिओवर आठवड्याचं हवामान सांगतो. आवाज असा भारदस्त की पाद्रीबाबांनी लाजावं. आणि गावातलं एकही माणूस त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. ऐकतात सगळे. ऐकून झालं की हळूच त्याच्या कुंपणाशी जातात आणि आवारात डोकावतात. त्याच्या मिरच्या पसरलेल्या असल्या तर अंदाज खरा. उचललेल्या दिसल्या तर तो रेडिओवर काहीही बोलो, आपलं वाळवण गोळा करायला धावायचं.

लोकांचंही चुकत नाही म्हणा. आमच्याकडे एप्रिलात पानगळ असते, तेव्हा डोंगराची अख्खी उतरण मिरच्यांनी लाल होते. अर्धवट सुकलेल्या मिरचीवर पाऊस पडला की ती काळी पडते. घाईनं ढीग करून आत ठेवली की बुरशी धरते. साल्ता शहरातून अख्ख्या प्रांताचं आभाळ एका कागदावर मावून येतं, त्यावर कोण विसंबणार? निकानोर तो कागद वाचतो, एवढंच. पण माणूस फार सरळ असला की आम्हाला जास्त संशय येतो. दारू नाही, कोंबड्यांच्या झुंजीवर पैज नाही, संसारही एकाच बाईशी. काहीतरी लपवतच असणार!

त्या सोमवारी तो म्हणाला, "आठवडाभर कोरडं ऊन. पहाटे गारठा. पश्चिमेचा वारा." आणि दुसऱ्याच दिवशी बर्फाच्या डोंगरावर काळा ढग येऊन बसला.

क्रेसेन्सिया, त्याची मेहुणी, आमच्या शेजारची विधवा. तिची वर्षाची सगळी मिरची उतरणीवर पडलेली, अजून चामड्यासारखी मऊ. उचलावी की राहू द्यावी? ती धावत निकानोरच्या आवारात गेली. अशा वेळी मी घरात बसून राहीन असं कुणाला वाटत असेल तर तो मला ओळखत नाही.

मिरच्या पसरलेल्या होत्या. निकानोर वाफाळता माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसला होता. पण क्रेसेन्सियानं वाकून मूठभर उचलल्या.

"दाजी, ह्या कसल्या मिरच्या?"

"मिरच्यांसारख्या मिरच्या."

"हिला कीड आहे. ही तर गेल्या सालची. तुमच्या रानात तोडणी मीच केलीय ना? तुमचा चांगला माल कुठंय?"

निकानोरनं एक मिरची हातात घेतली आणि त्याचा चेहरा पडला. खरंच त्याला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात हर्मेलिंदा, त्याची बायको, पिठाचे हात पुसत दारात आली. आधी आभाळाकडे बघितलं, मग बहिणीकडे. क्रेसेन्सिया तिच्या खांद्यावरून घरात डोकावली.

"ताई, पलंगाखाली काय लाल दिसतंय गं?"

"चादर आहे."

"चादरीला देठ असतात होय?"

"बरं, आहेत मिरच्या! पहाटेच आत घेतल्या," हर्मेलिंदा उसळली. "आवार रिकामं दिसलं असतं तर अख्खं गाव दारात आलं असतं. म्हणून टाकाऊ माल पसरला. ह्यांची अब्रू राखली मी."

निकानोर हळू आवाजात म्हणाला, "तुझाही विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. कागदावर नाही."

तो उठला. आत गेला, पलंगाखालची गोणपाटं ओढत बाहेर आणली आणि गुडघे टेकून चांगला माल पसरायला लागला. एक मिरची दुसरीवर चढू न देता.

"वेड लागलंय का! ढग बघा तरी!" हर्मेलिंदा ओरडली.

क्रेसेन्सिया कुंपणाच्या भिंतीवर चढून बसली.

"घरी जा आता," निकानोर म्हणाला.

"जाते की. माझी पाठ वळली की परत उचलाल."

"नाही उचलणार."

"मग मी बसले तर तुमचं काय बिघडतं?"

चार थेंब पडले. मीही मोजले. हर्मेलिंदानं गोणपाट ओढलं, तर निकानोर त्याच्यावर पाय रोवून उभा. त्याचे ओठ पांढरे पडले होते. क्रेसेन्सियाची नजर आभाळावर नव्हती, त्याच्या पायांवर होती.

दुपार कलता कलता पश्चिमेचा वारा सुटला. आधी धूळ आली, मग ढग फाटला. क्रेसेन्सिया भिंतीवरून उतरली, स्कर्ट झटकला आणि म्हणाली, "बरं. माझ्या राहू देते."

जाताना तीनदा मागं वळून पाहिलं. "उतरणीवरच्या मिरच्यांना बोटही न लावता अंथरुणावर पडले आणि शांत झोपले," असं तिनं दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. मिरच्यांना हात लावला नाही, हे मी पाहिलं. झोपेचं मात्र मला पटत नाही.